‘काही डाऊट?’ आणि त्यानंतरची शांतता

तुमच्याही कॉलेजात हे रोज होत असणार. लेक्चर संपायला तीन-चार मिनिटं उरलेली असतात. सर किंवा मॅडम डस्टर टेबलावर ठेवतात, हाताला लागलेला खडू झटकतात आणि विचारतात, ‘काही डाऊट?’ वर्ग एकदम शांत. कुणी बॅगची चेन लावतंय, कुणी बेंचखाली मोबाइलमध्ये टाइम बघतंय. एक सेकंद, फार तर दीड. मग सर म्हणतात, ‘ओके, उद्या पुढचं युनिट.’ संपलं. सरांना वाटतं, सगळ्यांना समजलं. आपल्याला पक्कं माहीत असतं, निम्म्यांना नाही समजलं. आणि दोन्ही बाजू निवांत घरी जातात.

मी आता मास कम्युनिकेशन करतेय, या पानावर इंटर्न आहे. म्हणजे ‘संवाद’ हा माझा विषय आहे, त्यावर पेपर देऊन पास झालेय. पण संवाद तुटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला पुस्तकातून नाही कळलं. ते कळलं अकरावीच्या वर्गात, तिसऱ्या बेंचवर. ते आधी सांगते.

मी कन्हानची. नागपूरहून जबलपूर रोडनं निघालं, कामठी मागे टाकली आणि नदीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव. वेकोलिच्या कोळसा खाणी, रेल्वेलाइन, हायवेवर ट्रकांची रांग. खाणीत काम करायला कुठून कुठून माणसं आली आणि इथलीच झाली. त्यामुळे घरात छत्तीसगढी किंवा तेलुगू, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी, असं आमच्यातल्या कित्येकांचं असतं. चहाच्या टपरीवर एका वाक्यात दोन भाषा येतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

तर माझी एक मैत्रीण. नाव सांगत नाही, तिनंच नको म्हटलं. दहावीपर्यंत आम्ही दोघी मराठी माध्यमात. गणितात ती वर्गात पहिली. समरूप त्रिकोण आणि एकरूप त्रिकोण यातला फरक तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी तिनं सांगितला असता. मी तिच्या वहीवरून गणितं उतरवून घ्यायची, हे आता कबूल करायला हरकत नाही. अकरावीला दोघी सायन्सला गेलो. सगळं इंग्रजीत. पहिल्याच महिन्यात एका लेक्चरला सरांनी फळ्यावर गणित लिहिलं, त्याच्या शेवटी ‘रिस्पेक्टिव्हली’ असा शब्द होता. तिनं हात वर केला आणि विचारलं, ‘सर, रिस्पेक्टिव्हली म्हणजे?’

मागून कुणीतरी ओरडलं, ‘रिस्पेक्ट दे वं सरले!’ सगळा वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, ‘एवढं इंग्लिश येत नाही, तर सायन्सला कशाला आलात?’ आणि फळ्याकडे वळले.

मीही हसले.

त्या शब्दाला मराठीत ‘अनुक्रमे’ म्हणतात. ‘क्ष आणि य च्या किमती अनुक्रमे २ आणि ३ आहेत’ हे असलं वाक्य आम्ही दहावीपर्यंत किती वेळा वाचलं असेल, मोजदाद नाही. म्हणजे तिला गणित येत होतं, कल्पना येत होती, फक्त डब्यावरचं लेबल बदललं होतं. एक शब्द सांगायचा होता. पाच सेकंदांचं काम.

त्यानंतर दोन वर्षांत तिनं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. बारावीला गणितात काठावर पास झाली. घरच्यांनी म्हटलं, ‘नाही जमत तर राहू दे.’ तिनं बीएस्सीचा फॉर्मच भरला नाही. आज ती कामठीतल्या एका दुकानात बिलिंगला बसते आणि पहाटे पोलीस भरतीसाठी ग्राउंडवर पळते.

एका हसण्यानं कुणाचं शिक्षण थांबत नाही, हे मलाही कळतं. तिच्या घरी पैशांची ओढाताण होती, ट्यूशन लावणं शक्य नव्हतं, धाकटा भाऊ शिकत होता. पण ट्यूशन नसणाऱ्या मुलीला वर्ग हाच एक आधार असतो. आणि तिथं तिनं तोंड उघडणं बंद केलं होतं.

हा लेख लिहितेय म्हणून मागच्या आठवड्यात तिला फोन केला. ती म्हणाली, ‘सरचं नाव नको टाकू वं. वाईट नव्हते ते. त्याईले माहीतच नव्हतं, का मी तेव्हापासून काही विचारलंच नाही म्हणून.’

माहीतच नव्हतं. माझा सगळा मुद्दा या दोन शब्दांत आहे. बहुतेक शिक्षक दुष्ट नसतात. त्यांना आपल्याविषयी माहीत नसतं, आणि माहीत करून घेण्याची सोय आपल्या वर्गांमध्ये कुणी ठेवलेलीच नसते.

लक्ष लागत नाही, की लागू दिलं जात नाही?

‘आजकालच्या पोरांचं लक्षच लागत नाही, सगळे मोबाइलमध्ये.’ स्टाफरूमपासून नातेवाइकांच्या लग्नापर्यंत हे वाक्य आपण ऐकलेलं आहे. मोबाइलनं आपलं नुकसान केलंय, हे खोटं नाही. पण तीच पोरं रात्री फिजिक्सवाल्या अलख पांडेंचे तास-दोन तासांचे व्हिडिओ बघतात, थांबवून थांबवून नोट्स काढतात. लक्ष लागतच नसतं, तर तिथं कसं लागलं असतं? फरक असा की तिथं शिकवणारा माणूस आपण बोलतो तशा हिंदीत बोलतो आणि समजलं नाही तर व्हिडिओ मागे नेता येतो. त्यात कुणी हसत नाही.

पण यूट्यूबला एक गोष्ट कधीच जमणार नाही. आपला चेहरा बघणं. कॅमेऱ्यापलीकडच्या माणसाला कळत नाही की तिसऱ्या मिनिटालाच माझा धागा सुटलाय. वर्गातल्या शिक्षकाला ते दिसू शकतं. व्हिडिओपेक्षा वर्ग भारी ठरू शकतो, तो एवढ्या एका कारणासाठी. आणि नेमकं तेच आपण वापरत नाही. चाळीस मिनिटं फळ्याकडे तोंड, पाच मिनिटं हजेरी, तीही नावानं नाही, नंबरानं. ‘रोल नंबर सत्तेचाळीस?’ ‘प्रेझेंट सर.’ वर्षभरात काही मुलांचा शिक्षकांशी झालेला संवाद एवढाच असतो.

फक्त तीन सेकंद

आता त्या ‘काही डाऊट?’कडे परत येऊ. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, विज्ञान कसं शिकवावं याचा अभ्यास करायच्या. त्यांनी वर्गांमधलं बोलणं टेप करून ऐकलं आणि मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात. सरासरी निघाली साधारण एक सेकंद. एका सेकंदात मनातल्या मनात मराठीतून इंग्रजीसुद्धा होत नाही, उत्तर कुठून येणार? मग त्यांनी शिक्षकांना किमान तीन सेकंद थांबायला शिकवलं. मुलांची उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. १९७४ मध्ये छापून आलेली गोष्ट आहे ही. पन्नास वर्षं झाली. यासाठी ना स्मार्ट बोर्ड लागतो, ना ग्रँट. मनात एक-दोन-तीन मोजायचं.

पण नुसतं थांबूनही भागणार नाही, प्रश्नही बदलायला हवा. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘हो सर.’ ते उत्तर नाही, शिष्टाचार आहे. त्याऐवजी ‘यातलं सगळ्यात अवघड काय वाटलं?’ असं विचारून बघा. इथं अवघड वाटणं गृहीतच धरलंय, त्यामुळे सांगायला लाज वाटत नाही. किंवा शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकानं अर्ध्या कागदावर दोन ओळी लिहून द्यायच्या. आज काय कळलं, काय नाही कळलं. नाव लिहायचं नाही. मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या एका मॅडमनी हे सुरू केलं. पहिल्या आठवड्यात अर्धे कागद कोरे, दोघांनी तर शायरी लिहिली. मॅडम चिडल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्या हातात कागदांचा गठ्ठा घेऊन वर्गात आल्या आणि म्हणाल्या, ‘तुमच्यातल्या एकवीस जणांना माझं कालचं लेक्चर कळलेलं नाही. म्हणजे चूक माझी आहे. पुन्हा घेऊया.’ त्या दिवशी वर्गात जी शांतता होती ना, ती वेगळी होती. त्या लेक्चरला मी तीन वर्षांत पहिल्यांदा हात वर केला.

शेजारच्याला विचारा

हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. मुलं त्यांना चांगले गुण देत, परीक्षेत अवघड गणितं सोडवत, त्यामुळे आपण भारी शिकवतो असं त्यांना वाटायचं. मग एकदा त्यांनी साध्या भाषेतले, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले आणि मुलं गडबडली. एकीनं विचारलंसुद्धा, की हे तुम्ही शिकवलंय तसं सोडवू, की मला खरंच वाटतं तसं? म्हणजे तिच्या डोक्यात दोन कप्पे होते, एक परीक्षेचा आणि एक खरा. हे वाचून मला हसू आलं, कारण माझ्या डोक्यातही तसे कप्पे आहेत. तुमच्या नाहीत?

माझूर यांनी तो मुद्दा दोनदा समजावला, तरी चेहरे कोरेच. शेवटी वैतागून म्हणाले, एकमेकांशी बोला. सगळ्या हॉलमध्ये कलकलाट झाला आणि थोड्याच वेळात मुलांचं मुलांनीच ते सोडवलं. १९९० च्या सुरुवातीची ही गोष्ट. त्यानंतर त्यांनी शिकवायची पद्धतच बदलली. आधी एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकानं स्वतः उत्तर ठरवायचं, मग शेजारच्याला पटवून द्यायचं, आणि त्यानंतर सरांनी बोलायचं. त्यांचं कारण साधं आहे. शिक्षकाला ती गोष्ट इतक्या वर्षांपूर्वी समजलेली असते, की ती न समजणं कसं असतं हे तो विसरून जातो. शेजारच्याला ती आत्ताच समजलेली असते, त्यामुळे आपण कुठं अडखळतोय ते त्याला बरोब्बर कळतं.

हे काही एका प्रोफेसरचं कौतुक नाही. २०१४ मध्ये विज्ञान, इंजिनीअरिंग आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. जिथं नुसतं लेक्चर होतं, तिथं नापास होणारे सरासरी ३४ टक्क्यांच्या आसपास. जिथं मुलं वर्गात बोलत होती, सोडवत होती, तिथं २२ टक्क्यांच्या आसपास. शंभरच्या वर्गात बारा मुलं. आपल्या वर्गातली कोण बारा असतील, जरा आठवून बघा.

आणि खरं सांगायचं तर ही पद्धत आपल्याला नवी नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर, पार्किंगमध्ये, लायब्ररीबाहेरच्या पायऱ्यांवर काय चालतं? ‘अबे, हे युनिट सांग ना, काहीच समजून नाही राहिलं.’ आणि कुणीतरी वीस मिनिटांत, हिंदी-मराठी-इंग्रजी मिसळून अख्खं युनिट समजावतं. वर्गाबाहेर हे रोज होतं. वर्गात केलं तर त्याला ‘गोंधळ’ म्हणतात.

भाषा लपवू नका

माझ्या मैत्रिणीचं अडलं ते भाषेपाशी, म्हणून यावर थोडं सविस्तर. कुणी गैरसमज करून घेऊ नका, इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. इंग्रजी पाहिजेच, पुढची पुस्तकं त्यात आहेत, इंटरव्ह्यू त्यात आहेत. पण इंग्रजीपर्यंत जायला वाट लागते, आणि ती वाट आपल्याला येणाऱ्या भाषेतूनच जाते. ‘रिस्पेक्टिव्हली, म्हणजे आपलं अनुक्रमे’ एवढं म्हटल्यानं ना इंग्रजीचा दर्जा घसरतो, ना सरांचा.

हा विचार आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, ‘नई तालीम’ची सुरुवात तिथली. मातृभाषेतून शिक्षण आणि हातानं काम करत शिकणं, हे तिथं मांडलं गेलं. इतकं मागे जायचं नसेल, तर एप्रिल २०२३ बघा. यूजीसीनं विद्यापीठांना कळवलं, की कोर्स इंग्रजी माध्यमाचा असला तरी मुलांना परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्या. पण वर्गात एकही शब्द आपल्या भाषेतला बोलायचा नाही आणि पेपर मात्र त्या भाषेत लिहायची मुभा, याचा उपयोग किती? परवानगी कागदावर येते. ती तोंडात यायची तर शिक्षकानं आधी बोलायला पाहिजे.

बॉल घेऊन जाणारे सर

आता नागपूरचीच गोष्ट. तुमच्यातल्या बहुतेकांनी ‘झुंड’ पाहिलाय, २०२२ चा, नागराज मंजुळेंचा. अमिताभ बच्चनची भूमिका ज्यांच्यावर बेतलीय ते विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजचे स्पोर्ट्सचे शिक्षक. २००१ ची गोष्ट आहे. पाऊस पडत होता आणि झोपडपट्टीतली काही पोरं मैदानात एक फुटकी बादली पायानं लाथाडत खेळत होती. बारसे सरांनी ते पाहिलं. त्यांनी पोरांना हाकललं नाही, व्यसनावर भाषण दिलं नाही, आधार कार्डही मागितलं नाही, तेव्हा ते नव्हतंच म्हणा. त्यांनी बॉल दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं, ‘स्लम सॉकर’ ही संस्था झाली, आणि पुढं भारताचे संघ होमलेस वर्ल्ड कपला गेले.

सिनेमा बघून आपण रडलो, शिट्ट्या मारल्या. पण त्यात शिकवण्याची एक साधी युक्ती आहे, तिच्याकडे जास्त बोललं जात नाही. बारसे सरांनी आधी पाहिलं, ही पोरं आत्ता काय करताहेत. बादली लाथाडताहेत, म्हणजे त्यांना खेळायचंय. मग तिथूनच सुरुवात केली. शिस्त, टीम, वेळेवर येणं, सगळं नंतर आलं, आणि आलं ते बॉलच्या मागे मागे आलं.

याच्याही कितीतरी आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं होतं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. मुलं येत नाहीत म्हणून रजिस्टरवर लाल रेघ मारणं सोपं होतं. त्या चालत गेल्या.

आपल्याकडे उलटं चालतं. पंच्याहत्तर टक्के अटेंडन्स नसेल तर डिफॉल्टर लिस्ट लागते, नोटीस बोर्डवर नावं झळकतात, पालकांना बोलावणं जातं. मुलगा का येत नाही, हे कुणी विचारतं का? कन्हानहून नागपूरला साडेसातच्या लेक्चरला यायचं म्हणजे काय, ते सांगते. मेट्रो आपल्या बाजूला ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतच. तिथवर बस नाहीतर शेअर ऑटो, तो भरेपर्यंत हलत नाही. मध्येच पुलावर किंवा कामठीत एखादा ट्रक बंद पडला की गेला अर्धा तास. सात चाळीसला वर्गाच्या दाराशी पोचलं की ‘आऊट’. पाच-सहा वेळा असं झाल्यावर मुलगा घरूनच निघत नाही. रजिस्टरमध्ये त्याला ‘इर्रेग्युलर’ म्हणतात. ‘कुठून येतोस रे?’ हा तीन शब्दांचा प्रश्न त्याला तीन वर्षांत कुणी विचारलेला नसतो.

सरांचीही बाजू आहे

इथपर्यंत वाचून तुम्ही टाळ्या वाजवत असाल, तर थांबा. शिक्षकांची बाजू ऐकल्याशिवाय हा लेख छापू नये, असं आमच्या पानाच्या ताईंनी बजावलं, आणि बरंच झालं. कारण मी दोन-तीन शिक्षकांशी बोलले, तेव्हा माझाच आवाज जरा खाली आला.

आपल्याला शिकवणारे कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, हे तुम्हाला माहितीये? म्हणजे जेवढे तास, तेवढेच पैसे. सुट्टी लागली की पैसे बंद. पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही, खात्री नाही. नेट-सेट होऊन, पीएचडी करून माणूस सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात पळत असतो. जे कायम आहेत, त्यांच्यामागे नॅकच्या फायली, परीक्षेची कामं, पेपर तपासणी. आणि समोर शंभर-सव्वाशे पोरांचा वर्ग. एक सर मला म्हणाले, ‘बेटा, नावं पाठ करायला मला पण आवडेल. पण दोन कॉलेज मिळून चारशे पोरं आहेत. आणि पुढच्या जूनला मी इथं असेन की नाही, मलाच माहीत नाही.’

म्हणून ‘शिक्षकांनी संवाद साधावा’ असं नुसतं म्हणणं म्हणजे त्यांच्या डोक्यावर अजून एक काम टाकणं आहे. जागा भरा, वर्ग छोटे करा, हे सरकारला आणि विद्यापीठाला सांगायलाच हवं. ज्याला उद्याची खात्री नाही तो माणूस पोरांच्या उद्याची चिंता किती करणार? पण हेही खरं, की मॅडमची ती अर्ध्या कागदाची चिठ्ठी, मनातले तीन सेकंद, फळ्यावरच्या इंग्रजी शब्दाशेजारी एक मराठी शब्द, यांना पद मंजूर व्हावं लागत नाही. हे सोमवारपासून होऊ शकतं.

आणि आपण?

आता आपलं. नॅकसाठी दरवर्षी तो स्टुडंट फीडबॅक फॉर्म येतो ना, तो तुम्ही कसा भरता? मी सांगते. सगळीकडे ‘एक्सलंट’, वर पासून खाली एक सरळ रेघ, तीस सेकंदात काम खल्लास. इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात आहेत, ही भीती खोटी नाही. पण नाव न लिहिता लिहायची संधी मिळते तेव्हाही आपण काय लिहितो? शायरी.

ज्या मॅडम नवीन काही करून बघतात, ग्रुप डिस्कशन घेतात, त्यांच्या लेक्चरला ‘टाइमपास’ म्हणतो, आणि जे सर नोट्स डिक्टेट करतात त्यांना ‘एकदम परीक्षेपुरतं देतात’ म्हणून डोक्यावर घेतो. नवा शिक्षक पहिल्या महिन्यात प्रश्न विचारतो, उत्तर येत नाही. दुसऱ्या महिन्यात विचारतो, येत नाही. तिसऱ्या महिन्यात तोही फळ्याकडे तोंड करतो. त्याला फळ्याकडे कुणी वळवलं?

आणि ते हसणं. शिक्षकानं एकदा टोमणा मारला तर मुलगी दुखावते. पण साठ जण हसले तर ती गप्प होते, कायमची. माझ्या मैत्रिणीला मी फोनवर शेवटी विचारलंच, ‘तुला माहितीये का, त्या दिवशी मी पण हसले होते?’ ती दोन क्षण थांबली. म्हणाली, ‘हो ना. तुझ्याच तर बाजूला बसली होती मी.’

सहा वर्षं तिला माहीत होतं. सरांना माहीत नव्हतं. आणि मला वाटत होतं, तिला माहीत नसेल.

त्यामुळे माझं शिक्षकांना जे म्हणणं आहे ते वर लिहिलंय. तुम्हाला जे म्हणणं आहे ते एवढंच. उद्या ‘काही डाऊट?’ म्हटल्यावर वर्ग शांत झाला, की तुम्ही हात वर करा. तुम्हाला समजलेलं असलं तरी करा. ‘सर, हे एकदा मराठीत सांगा ना’ एवढंच म्हणा. कारण तुमच्या बेंचवर, किंवा मागच्या बेंचवर, कुणीतरी आहे जिला ते विचारायचंय आणि जी विचारणार नाही. आणि तिनं विचारलंच, तर मागून आवाज येईल तेव्हा हसू नका. मागे वळून त्या आवाजाकडे बघा फक्त. पुरतं तेवढं.

मैत्रिणीची भरतीची लेखी परीक्षा जवळ आलीय. त्यात गणित आहे. रविवारी मी तिच्याकडे जाणार होते समजावायला, तर ती म्हणाली, ‘तू कायले समजावते, तुले तर माझ्याच वहीतून येत होतं.’ तेही खरंच आहे. मी वही घेऊन जाणार आहे. यावेळी प्रश्न मी विचारणार आहे.